येथे केस काळे करून मिळणार नाहीत

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे कागदावर.

या महिन्याच्या चौथ्या सोमवारी मी रंगाची वाटी घेऊन येणार नाही. पुढच्याही नाही. एकवीस वर्षं मी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तुझे केस रंगवतोय. खाडा दोनदाच झाला, एकदा मला कावीळ झाली होती आणि एकदा तू रुसली होतीस. हा तिसरा खाडा कायमचा आहे.

कारण माझे हात. बोटांची टोकं सहा महिन्यांपासून फुटलीत. शर्टाची बटणं ही लावून देते आणि लावताना जे बोलायचं ते बोलून घेते. हातमोजे घातले की केस कळत नाही, असं मी दुकानभर ऐटीत सांगत आलो, त्या ऐटीची ही फळं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी काय सोसत नाही ते बघायला पाठीवर दहा पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढल्या. चौथ्या पट्टीखाली कातडी लाल होऊन फुगली होती. केस काळे करणारं जे मुख्य द्रव्य, ते तिथं लावलं होतं. बाई म्हणाल्या, धंदा आणि कातडी यातलं एक निवडा. मी म्हटलं, तिसरं निवडतो.

त्याच दिवशी फळी रिकामी केली. रंग, शाम्पू, क्रीम, जेल, फेस धरून त्र्याहत्तर बाटल्या आणि डबे निघाले. मी शाळा आठवीत सोडली, पण त्या रात्रीपर्यंत भिंग घेऊन त्र्याहत्तर बाटल्यांची बारीक अक्षरं वाचली. शिकलेली माणसं ती वाचत नाहीत म्हणूनच ती बारीक असतात. आता फळीवर खोबरेल तेल, रिठ्याचं पाणी, जवस उकळून गाळलेला रस (जेलच्या जागी), दाढीनंतर तुरटीचा खडा आणि कोरफड. कुंडी दारातच ठेवलीय, पान गिऱ्हाईकासमोर कापतो. ज्याला रंगच हवा त्याला निव्वळ मेंदीचं पान, वाळवून वस्त्रगाळ केलेलं. दारावर पाटी लावलीय: येथे केस काळे करून मिळणार नाहीत.

कंपनीचा विक्रेता आला होता. मी हात दाखवले तर म्हणाला, हातमोजे वापरा. मी म्हटलं, वापरेन, पण गिऱ्हाईकाच्या डोक्याला हातमोजे कुठून आणू? तो रंगवलेल्या बटांच्या नमुन्यांचं शेड कार्ड उचलून घेऊन गेला.

तुझ्या केसांना मेंदीनं तांबूस रंग येईल, किंवा ते पांढरे राहतील. विचार कर. भावोजींना नमस्कार. लोभ असावा, केस कुठल्याही रंगाचे असोत.

तुझा,
बारक्या (वय त्रेपन्न)

१८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद आहेत, पण या पत्रापुरते हात आखडता घेऊन दिलेत.

हात तुझे, ते जपायलाच हवेत. पण डोकं माझं आहे, आणि ते मी हॉटेलच्या दर्शनी काउंटरवर रोज नऊ तास मिरवते. नवे मॅनेजर आलेत, वय बत्तीस. त्यांनी भिंतीवर कागद लावलाय की समोरच्या कर्मचाऱ्यांनी ताजंतवानं दिसावं. माझ्या शेजारची ती हसरी बाई आठवते? तिनं दोन महिने रंग लावला नाही, तर तिला तळघरात चादरी आणि उशांचे अभ्रे मोजायला पाठवलं. तिथं खिडकी नाही. निवृत्तीला माझी चार वर्षं उरलीत, ती मला अभ्रे मोजत काढायची नाहीत. तुझ्या मेंदीचं नारिंगी डोकं घेऊन उभी राहिले तर पाहुणे खोलीच्या चाव्या मागण्याऐवजी सर्कशीची तिकिटं मागतील.

तुझे भावोजी म्हणाले, रंगवायचं सोडून दे. त्यांना म्हणायला काय जातंय, त्यांच्या डोक्यावर प्रश्नच उरलेला नाही.

तरी तुझं मन राखलंय. बाजारात पानांचीच पूड मिळते, पाकिटावर हिरवं पान छापलंय, शंभर टक्के नैसर्गिक लिहिलंय आणि चाळीस मिनिटांत काळेभोर केस. चमचाभर पुडीत बांधून सोबत पाठवते. एवढी वर्षं धंद्यात घालवून तुला जे पान सापडलं नाही, ते मला कोपऱ्यावरच्या दुकानात सापडलं. येत्या रविवारी लावणार आहे. बायकोकडून हातांना तेल चोळून घे आणि माझ्याकडून शिकून घे.

माया आहे, ती रागातही आटत नाही, म्हणून तुझं फावतं.

तुझी,
ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. काल तुझ्यासमोर तासभर बसलो, पण तुझ्या सुजून मिटलेल्या डोळ्यांकडे बघून जे बोलायला आलो होतो ते बोलता आलं नाही. ते आता लिहितो. डोळे उघडले की वाच. भावोजींना वाचून दाखवायला सांगू नकोस.

आधी पुडीबद्दल. ती मला शनिवारी सकाळी मिळाली. दुकानातल्या फणीत अडकलेले पांढरे केस मी जपून ठेवतो, त्यांच्या दोन सारख्या बटा बांधल्या. एक माझ्या मेंदीत, एक तुझ्या पाकिटातल्या पुडीत. दोन्ही वाट्या एकाच खिडकीत, पाणी तेवढंच. अर्ध्या तासात तुझी बट कोळशासारखी काळी. माझी तीन तासांनी तांब्याच्या रंगाची झाली. मेंदीचं पान केस काळे करत नाही, ताई. जी पूड अर्ध्या तासात काळं करते, तिच्यात पानाबरोबर दुसरं काहीतरी आहे. खात्री करायला दंडावर रुपयाएवढा ठिपका लावला. रविवारी उठलो तर तिथं फोड. लगेच तुला फोन केला. भावोजी म्हणाले, ती डोकं धुतेय.

पाकिटावर पान छापायला लाज वाटली नाही त्यांना. त्यांना मी सोडणार नाही. पुडी आणि दोन्ही बटा डॉक्टरीणबाईंकडे दिल्यात. त्या तपासायला पाठवणार आहेत.

पण मी लिहितोय ते वेगळं. नव्या माणसाला रंग लावण्याआधी कानामागे ठिपका लावून दोन दिवस थांबायचं, हा माझ्या दुकानाचा नियम आहे. त्यावरून गिऱ्हाईकं परत गेली तरी मी मोडला नाही. तुझ्या कानामागे तो ठिपका मी एकवीस वर्षांत एकदाही लावला नाही. घरच्या माणसाची कसली परीक्षा घ्यायची, असं वाटायचं. तीन वर्षांपूर्वी तू म्हणालीस की रंगानंतर आठवडाभर डोकं खाजतं. मी म्हटलं, कोंडा असेल. तेव्हा ठिपका लावला असता तर कळलं असतं. परक्यांना जेवढं जपलं तेवढंही तुला जपलं नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेव. कोरफड आत्ता नको, सूज असताना नवं काही लावायचं नसतं, ते माझ्या कुंडीतलं का असेना.

तुझा,
बारक्या

३० एप्रिल

चि. बारक्यास,

आशीर्वाद, या खेपेस पुरे.

उत्तराला दोन महिने लावले ते मुद्दाम. माझी खाज तीन वर्षं तू कोंडा म्हणून उडवून लावलीस, तेव्हा दोन महिने तूही खाजत बस, असं ठरवलं होतं. आता फिटलं. ते पत्र मी एकटीनं वाचलं आणि कुठल्या पुस्तकात न ठेवता पासबुकाच्या पाकिटात ठेवलंय. तुझी चूक झालीच, बारक्या. पण खाजत असूनही दर चौथ्या सोमवारी वेळेवर स्टुलावर जाऊन बसणारी मीच होते.

बारा दिवस काळा चष्मा लावून काउंटरवर उभी राहिले. तुझ्या-माझ्या दोघांच्या डॉक्टरांचं एकमत आहे की मला आता जन्मात रंग लावायचा नाही. तेव्हा निवडायचं काही उरलं नाही. भांगात दोन बोटं पांढरं आलंय, खाली काळं. तुझे भावोजी म्हणतात, अर्धवट रंगवलेल्या भिंतीसारखी दिसतेस. मी म्हटलं, तुम्ही गिलावा उडालेल्या भिंतीसारखे दिसता तरी मी बोलते का?

गेल्या बुधवारी मॅनेजरनी बोलावलं. गोड बोलले. तळघरातलं काम हलकं आहे, थोडे दिवस तिकडे बसा, असं म्हणाले. मी विचारलं, कामात काही चूक? म्हणाले, छे छे. मग कशासाठी? ते माझ्या भांगाकडे बघत राहिले. मी म्हटलं, एवढंच कागदावर द्या, की एकोणीस वर्षांत एकही तक्रार नाही, पण केस पांढरे आहेत म्हणून खाली पाठवतोय. खाली सही करा, मी लगेच जाते. ते म्हणाले, वरच्यांना विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा, मी काउंटरवरच आहे.

आता तू चौथ्या सोमवारी ये. कात्री आण, वाटी नको. तुझी मेंदीसुद्धा नको. लाल करून पांढरं लपवायचं तर मग काळ्यानं काय घोडं मारलं होतं? तेल आणि रिठा चालेल.

ममता आहेच, तू नियम मोडू नकोस म्हणजे ती टिकेल.

तुझी,
ताई

९ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. गेल्या खेपेला तू दुकानाचं विचारलंस आणि मी विषय बदलला. आता खरं सांगतो. अर्धी गिऱ्हाईकं गेली. समोरच्या दुकानात केस काळे करून मिळतात, तिथं रांग असते. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं की शाम्पूपेक्षा जास्त झोंबतं, हे मी आधीच सांगतो, तरी गेल्या आठवड्यात एकजण रिठ्याचा फेस लावलेल्या तोंडानंच उठून गेला. जवसाचा रस तिसऱ्या दिवशी आंबतो, म्हणून दर दोन दिवसांनी ताजा काढतो. ही म्हणते, गिऱ्हाईकं रिठ्यानं जात नाहीत, तुमच्या व्याख्यानानं जातात. म्हणून आता विचारल्याशिवाय बोलत नाही. पाटी मात्र उतरवली नाही, उतरवणारही नाही.

हात भरून आलेत. आज बटणं मी लावली. ही शेजारी नुसती उभी होती, बोलायला काही नव्हतं म्हणून जरा हिरमुसली.

एक खबर. तपासणीत तुझ्या पाकिटातल्या पुडीत तेच द्रव्य निघालं, माझ्या चौथ्या पट्टीखालचं. डॉक्टरीणबाईंनी लेखी तक्रार पाठवली. कोपऱ्यावरच्या दुकानानं ती पाकिटं काढून टाकली. बाकीच्या दुकानांत ती अजून आहेत, मी जाऊन मोजतो आणि बाईंना कळवतो.

आता मागणं. माझं स्वतःचं शेड कार्ड बनवतोय. मेंदी एक तास, दोन तास, तीन तास, अशा बटा पुठ्ठ्यावर चिकटवल्यात. पहिली जागा रिकामी आहे, तिथं ज्याला काहीच लावलेलं नाही असा पांढरा केस हवा. फणीतला चालत नाही, त्याला कुठल्या ना कुठल्या रंगाची झाक असते. तुझं शेवटचं काळं टोक ज्या दिवशी कापून होईल, त्या दिवशी आठवण ठेव.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे, तरी लिहीत जा.

तुझा,
बारक्या

२ जून

चि. बारक्यास,

आशीर्वाद, भरभरून.

आठ दिवसांपूर्वी तू शेवटचं काळं टोक कापलंस आणि बट मागायला विसरलास. एवढा काटेकोर माणूस, आणि माझ्याकडे बघत कात्री हातात धरून उभा राहिलास. मीच आठवण ठेवली.

वरच्यांकडून कागद आला नाही. तेरा महिने झाले, येईल असं वाटत नाही. सही करायला कोणी तयार नसावं. काल सगळ्यांची नवी ओळखपत्रं काढली. फोटोवाला भला माणूस, त्यानं न विचारताच पडद्यावर माझे केस काळे केले आणि कौतुकानं दाखवले. त्याला वाटलं, बाई खूश होतील. मी म्हटलं, होते तसे करा. तो म्हणाला, आजी, सगळे काळेच करून घेतात. मी म्हटलं, आजी नाही, ताई म्हणायचं, आणि करा. मागे मॅनेजर उभे होते. त्यांनी पुढच्याला बोलावलं. आज ती हसरी बाई तळघरातून वर आली, तिनं माझं ओळखपत्र खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. मग म्हणाली, मीही कागद मागते.

सोबत बट आहे. दोऱ्यानं बांधलीय, कारण चिकटपट्टीचा डिंक तुला चालणार नाही. काही लावलेलं नाही, तेलसुद्धा नाही. पहिल्या जागेवर लाव आणि वाकडी लावू नकोस.

तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र छोटं आहे, दुकानात माणसं थांबलीत.

बट पट्टी ठेवून सरळ लावली. प्रत्येक बटेखाली किती वेळ लागतो ते लिहिलंय. तुझ्या खाली काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसता एकचा आकडा घालून ठेवला होता.

आज सकाळी एक शिक्षिका आल्या. भांगात बोटभर पांढरं, खाली काळं, डोक्यावरून ओढणी. पाटी वाचूनच आत आल्या होत्या. कार्ड हातात दिलं. सगळ्या बटांवरून बोट फिरवत शेवटी त्यांनी ते पहिल्यावर ठेवलं आणि विचारलं, याला किती वेळ लागतो?

विचारलं होतं, म्हणून बोललो. म्हटलं, पंधरा महिने, आणि एका मॅनेजरशी भांडण. त्या म्हणाल्या, मुख्याध्यापक चालतील का?

खुर्चीत बसवलंय. कात्री गरम पाण्यात आहे. येतो चौथ्या सोमवारी.

तुझा,
बारक्या