कच्चा दोरा

सोमवार, ९ मार्च

शुक्रवारच्या पानावर मी लिहिलंय की बाबांनी मला न विचारता दोरा बदलला. ते खोटं आहे. त्यांनी विचारलं होतं. मी उत्तरही दिलं होतं.

पान फाडणार होते. फाडलं नाही, कारण फाडणं म्हणजे पुन्हा एकदा खोटं बोलणंच. शुक्रवारी भिऊन लिहीत होते, आणि कुणीतरी गुन्हेगार हवा होता. घरात ज्यांना वाचता येत नाही, तेच सापडले. माझी वही ते कधी उघडणार नाहीत. उघडली तरी अक्षर लागणार नाही. किती सुरक्षित जागा शोधली मी!

आता झालं तसं लिहिते.

शुक्रवारी दुपारी बाबांच्या सीटकव्हरच्या दुकानात प्रयोगशाळेतल्या बाईंचे यजमान आले. आईची साखर तपासतात त्याच या बाई. गेल्या महिन्यात चौकात एक गाडी आडवी येऊन त्यांच्या गाडीच्या दारावर आदळली. तीन बरगड्या मोडल्या, एक फुप्फुसात घुसली. अजून हॉस्पिटलातच आहेत. यजमानांनी पिशवीतून सीटचं कव्हर काढून टेबलावर ठेवलं. बाबांनीच शिवलेलं, दोन वर्षांपूर्वीचं.

"गॅरेजवाला म्हणतो, एअरबॅग फुटली पण बाहेरच आली नाही. आतल्या आत फुटली. कंपनीची खोट. मी सोडणार नाही त्यांना. पण तुमचं काम काय हो! दाराचा पत्रा आत आला आणि तुमचा एक टाका हलला नाही. नव्या सीटला असंच शिवून द्या."

बाबांनी शिलाईवरून अंगठा फिरवला. खूश झाले. आणि सवयीने ते वाक्य बोलून गेले, जे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात — "माणूस उसवेल, माझी शिलाई उसवायची नाही." मग जीभ चावली. "म्हणजे... बाई कशा आहेत आता?"

मी मापं उतरवून घेत होते. कव्हर उलटं केलं. आतून काळं पडलेलं. फोमचा भुगा. आणि कडेला बाबांची दुहेरी शिलाई, काळ्या नायलॉनची, अगदी सरळ. त्या गाडीत दाराकडची एअरबॅग सीटच्या कुशीत बसवलेली असते. ती नेमकी त्या शिवणीतून बाहेर यायची होती.

तेव्हा मला राखाडी रीळ आठवलं.

मंगळवार, १०

आज सांगणार होते. बाबा जेवत होते. मग मशीनला तेल घालत होते. मग टायरवाले काका येऊन बसले. संध्याकाळी बाबा नुसतेच बसले होते, तेव्हा मी धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

बुधवार, ११

राखाडी रिळाची गोष्ट.

तीन वर्षं झाली. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. खरं तर चौथीच्या पुढे गेलेली पहिली. कुशीत एअरबॅग असलेल्या सीटांसाठी कव्हरच्या कडेला जोडायचे नवीन तयार पट्टे आले होते. त्या गठ्ठ्यात एक रीळ आणि इंग्रजी कागद होता. शेजारचे टायरवाले काका चहाला आलेले.

"वाच की गं," काका म्हणाले. "कॉलेजात काय नुसतं बाक झिजवायला जातेस?"

मी एका दमात वाचलं. स्पर्धेत वाचतात तसं, हात मागे बांधून. कुणालाच कळलं नाही आणि सगळे खूश झाले.

"म्हणजे काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

पहिली ओळ मला कळली होती. या बाजूच्या शिवणीला फक्त सोबतचाच दोरा वापरा. का, ते पुढच्या ओळीत होतं. ती ओळ लांब होती, मला लागली नाही. पान उलटून बघायला हवं होतं. "थांबा, नीट वाचते" एवढंच म्हणायला हवं होतं. पण काका बघत होते, बाबा बघत होते. मी म्हणाले, "काही नाही. त्यांचाच दोरा घ्या म्हणतायत. माल खपवायचे धंदे."

काका मांडीवर थाप मारून हसले. "बघा! कंपनीचा डाव पोरीने एका फटक्यात ओळखला. शिकवलंत त्याचं चीज झालं."

बाबांनी तो दोरा दोन बोटांत धरून ओढला. तुटला. "कच्चा आहे. याने तर उशीची खोळसुद्धा शिवू नये." तरी रीळ लगेच टाकलं नाही. हातात फिरवत राहिले. "नक्की ना? एवढं छापलंय ते उगाच असेल?"

आणि मी म्हणाले, "बाबा, मला कळतं."

हे वाक्य मी मुद्दाम शेवटी लिहिलं. लिहायला सगळ्यात जड हेच गेलं.

गुरुवार, १२

कागद सापडला. दुकानात दोन दिवस शोधत होते. घरी ट्रंकेत निघाला, माझ्या गुणपत्रिकांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाबांनी ठेवलाय. मी चारचौघांत वाचून दाखवलेला पहिला कागद म्हणून.

मागच्या बाजूला सीटचं चित्र आहे. कुशीतून फुगा बाहेर येतोय आणि शिवण फाटलेली दाखवलीय. दुसऱ्या चित्रात शिवण शाबूत आहे, फुगा आतच आहे आणि त्यावर मोठी फुली. खाली लिहिलंय की ही शिवण धक्क्याने उसवलीच पाहिजे. दुसरा दोरा वापरलात तर बसलेल्याला गंभीर इजा होईल किंवा जीव जाईल.

आता ती लांब ओळही एका वाचनात लागली. अवघड नव्हतीच.

शुक्रवार, १३

मापवही माझ्याच अक्षरातली. पहिल्यापासून पाहिली. तसल्या सीटांच्या तेवीस गाड्या. दातांचे डॉक्टर. फोटोवाले. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या ताई — त्यांच्या गाडीत तर रोज नवशिके बसतात. आत्याच्या जावयाची गाडी पण आहे. त्या सीटवर आत्या बसते.

आई म्हणाली, "ताटावर अशी मान खाली घालून बसतेस, उष्टं खाल्लंयस का कुणाचं?"

दोन नमुने शिवले. एक राखाडी दोऱ्याचा, एक काळ्या. रीळ फळीवर तसंच होतं, धूळ खात.

शनिवार, १४

सांगितलं.

दुपारी दुकान अर्धं बंद होतं. बाबांपुढे दोन्ही नमुने ठेवले. त्यांनी राखाडी ओढला, शिवण उघडली. काळा ओढला. रेक्झिन फाटलं, शिवण तशीच. "मग?" म्हणाले. त्यांना वाटलं मी त्यांच्या कामाचं कौतुक करतेय.

मग मी कागद उलटा करून समोर धरला, चित्रावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. सलग नाही जमलं. "मला तेव्हा कळलं नव्हतं" हे तीनदा म्हणाले. "कळलं नव्हतं तरी कळलं म्हणाले" हे एकदाच.

बाबांनी चित्रावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले,

"चित्र तर मलाही कळलं असतं गं."

त्यांनी कागद पुन्हा सुलटा केला. "मी पान उलटलंच नाही. तू वाचलंस म्हणजे झालं, असं वाटलं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "किती गाड्या?"

"तेवीस. बाईंची धरून."

"फोन लाव एकेकाला. आणि टाके काढायची उसवणी कुठे आहे बघ, बरेच दिवस लागली नाही."

मंगळवार, १७

आठ गाड्या झाल्या. बाबा सीटजवळ गुडघ्यांवर बसतात आणि स्वतःची शिलाई उसवतात. उसवणीचं टोक टाक्याखाली घालायचं, उचलायचं, कट्. पुढचा टाका. कापडाला ओरखडा येऊ देत नाहीत. मी शेजारी बसून दोऱ्याचे तुकडे वेचते. मग तीच कड राखाडी दोऱ्याने. मशीनवर हा दोरा वारंवार तुटतो. बाबा पुन्हा ओवतात.

लोक विचित्र. दातांचे डॉक्टर म्हणाले, "कशाला चांगलं काम उसवताय?" फोटोवाले फोनवर हसले. "अहो, दोन वर्षं झाली, काही झालं नाही. राहू द्या की. पुढच्या महिन्यात बघू." मी समजावून सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही फार काळजी करता." बाबांनी फोन माझ्याकडून घेतला. "साहेब, तुम्ही येत नसाल तर मी येतो. गाडी कुठे असते?" आणि गेले सायकलवर, पिशवीत उसवणी घेऊन. रस्त्याच्या कडेला बसून उसवलं.

ड्रायव्हिंगवाल्या ताई मात्र ऐकताक्षणी आल्या. गाडी ढकलत आणल्यासारखी, अगदी हळू. उतरल्या आणि बाबांना म्हणाल्या, "आमच्याकडे शिकायला एक पोटुशी येते हो." बाबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "चूक झाली ताई."

कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मी तिथेच होते, हातात दोऱ्याचे तुकडे घेऊन.

गुरुवार, १९

आत्याच्या जावयाची झाली. एकवीस. बाविसावी गाडी परगावी विकली गेलीय. नव्या मालकाचा नंबर मिळवला, तो म्हणाला रविवारी आणतो.

शुक्रवार, २०

बाईंच्या यजमानांना सांगायचं राहिलं होतं. बाबा म्हणाले, "ते कंपनीशी भांडायला निघालेत. नसत्या दगडावर डोकं फोडून घेतील. त्यांना लेखी द्यायला हवं. बस, लिही."

मी बसले.

"लिही. दोरा मी बदलला. मला वाचता येत नाही. मुलीला विचारलं नाही."

माझं पेन थांबलं. "बाबा, हे खरं नाही."

"वाचता येत नाही, हे खरं नाही?"

तीस वर्षं बाबा गिऱ्हाइकांना "चष्मा घरी राहिला" म्हणत आलेत. बाबांना चष्मा नाहीच. आई गमतीने म्हणते, तुमचा चष्मा आमच्या घराला एकदा तरी दाखवा. तो माणूस आज ते कागदावर लिहायला सांगत होता, आणि तेही माझ्या हाताने.

"तुम्ही मला विचारलं होतं," मी म्हणाले. "दोनदा."

"टाका माझा आहे. आणि एक तारखेला तू शाळेत रुजू व्हायचीस. पोरांपुढे उभी राहायचीस. तुझं नाव यात कशाला? माझं काय, मी तसाही अडाणीच."

मी लिहिलं.

लिहून झाल्यावर कळलं की ते सहा तारखेचंच वाक्य आहे. मला न विचारता दोरा बदलला. जे मी भिऊन या वहीत लिहिलं होतं, ते बाबांनी न वाचता मला परत दिलं. आणि मी दुसऱ्यांदा लिहिलं. या वेळी भीतीचं निमित्तही नव्हतं.

बाबांनी खाली सही केली. सही त्यांना येते. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांसाठी शिकले होते.

शनिवार, २१

पत्र बाबा स्वतः देऊन आले. यजमानांनी दारातच वाचलं म्हणे. घडी घालून खिशात ठेवलं. दार जोरात लावलं नाही.

आई म्हणाली, "सांगून मोकळे झालात, बरं केलंत." मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

एक तारखेपासून मी वर्गात सांगणार — कळलं नाही तर विचारा, लाजू नका.

सोमवार, २३

बाविसावी गाडी काल झाली. बाबांनी आज मशीन पुसलं आणि दिवसभर काहीच शिवलं नाही. एक गिऱ्हाईक म्हणालं, "शिलाई पक्की हवी बरं का." बाबा म्हणाले, "कुठली पक्की आणि कुठली कच्ची, ते आधी बघतो." त्यांचं ते जुनं वाक्य दोन आठवड्यांत एकदाही ऐकलं नाही.

बुधवार, २५

यजमानांनी ते पत्र पोलिसांत दिलंय. बाबांना शनिवारी, २८ला, ठाण्यावर बोलावलंय. बाबा एवढंच म्हणाले, "पांढरा सदरा इस्त्री करून ठेव."

बाईंना काल घरी आणलं. आज मी फोन केला. त्यांनीच उचलला. मी म्हटलं, भेटायला येऊ का, एकटीच. अडखळत म्हणाल्या, "ये. शुक्रवारी दहाला ये, तेव्हा मला उठवून बसवतात." तिथून मी सरळ ठाण्यावर जाणार. तो इंग्रजी कागद नेणार, दोन्ही बाजू दाखवणार. ही वहीही नेणार. सहा तारखेच्या पानात खूण घातलीय, नऊच्या पानातही. बाबांना सांगितलेलं नाही.

शुक्रवार, २७ मार्च. सकाळी दहा. बाईंच्या दारात.