कानापुढचं कोठार

प्रिय आई,

धाकटी च्याओयुन हे वाचून दाखवेल. फोनवर कानाचं नाव काढलं की तू कोंबड्यांना हाका मारत निघून जातेस, म्हणून लिहितोय. बारा तास उभं राहून हात जड झालेत, अक्षर सांभाळून घे.

या वर्षातला हा तिसरा कारखाना. इथे पंख्यांना पाती बसवतो. तू म्हणशील, कानापुढे तांदळाचं कोठार घेऊन जन्मलेलं पोर, आणि एका जागी टिकत नाही. शेजारच्या खाटेवरचा लाओ फेईही तेच म्हणतो, "कोठारवाल्या, तुझ्या कोठाराला उंदीर लागलेत." नव्या वर्षाला तू आम्हा भावंडांना जवळ घेऊन कानापुढच्या त्या जन्मजात, टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकाला नव्या तांदळाचा दाणा लावायचीस, ते आठवतं. हे भोक म्हणजेच तांदळाचं कोठार, ते बुजलं तर घरातलं अन्न जातं, असं आजी सांगून गेली. माझं भोक जन्मभर मुकाट राहिलं. च्याओयुनचं दोनदा पिकलं, दोन्हीदा गावच्या दवाखान्यात चिरून पू काढला. आता सोळाव्या वर्षी ती भर उन्हाळ्यातही केस सोडून कान झाकते.

इथल्या डॉक्टर थानबाईंना तिचा फोटो दाखवला. नुसता पू काढून भागत नाही म्हणाल्या. आत मुळासारखी नळी असते, ती अख्खी काढावी लागते, जरा राहिली की परत पिकतं. जितक्या वेळा चिराल तितका व्रण वाढतो. सूज नसतानाच करायचं. भोकातून आत निळा रंग सोडून नळी कुठवर गेलीय ते बघतात आणि काप कानाच्या घडीत लपवतात.

हे मला कसं ठाऊक? मागच्या महिन्यात मी माझं काढून घेतलं, आई. मुकाट भोकाला त्या हात लावत नाहीत, म्हणून खोटं बोललो, की सारखं पाणी येतं. सातव्या दिवशी टाके काढले. सोबत फोटो आहे, व्रण सापडतो का बघ. नळी मला वाटीत दाखवली. तिच्यात तांदूळ नव्हता.

महिना झाला, रोज दोन वाडगे भात मिळतोय. काही वाईट व्हायचंच असेल तर आधी माझं होऊ दे, म्हणून हे केलं. च्याओयुनचा कान सध्या सुकलाय. पुन्हा सुजायच्या आत तिला जिल्ह्याच्या इस्पितळात ने. च्याओयुन, ही ओळ गाळू नकोस, मोठ्याने वाच.

तुझाच, रिकाम्या कानाचा,
छांगगन