न कमावलेले कातडे

ता. ३ फेब्रुवारी
दुकानातून

चि. काचबाईंस,
अ. उ. आ. विशेष.

इकडे सगळे ठीक. तुझी कंबर अजून धरलेलीच आहे असे तुझ्या वहिनीकडून कळले. दिवसभर भिंगावर वाकून मेलेल्या माणसांचे तुकडे बघत बसणाऱ्या बाईची कंबर दुसरे काय करणार? पण तू डॉक्टर आणि मी जोडे शिवणारा, तेव्हा गप्प बसतो.

फोन सोडून पत्र का, असे वाटेल. फोनवर तू माझे वाक्य पुरे होऊ देत नाहीस. कागदावर तुला शेवटपर्यंत वाचावेच लागते.

एका गिऱ्हाइकासाठी विचारायचे आहे. सज्जन मनुष्य, वयाने माझ्याएवढा, दिसायला बरा. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा टोकाकडून काळा पडला आहे. वाळून खारकेसारखा झाला आहे, पण दुखत मुळीच नाही. त्याच्या बायकोने त्याला ओढत सर्जनकडे नेले. सर्जन म्हणजे मिशीचा नुकताच पत्ता लागलेला पोरगा. त्याने अंगठा वाजवून बघितला आणि सांगितले की हा भाग मेला आहे, पायाची रक्ताची नळी तपासू आणि मग काढून टाकू. गिऱ्हाइकाचे म्हणणे असे की जे दुखत नाही ते कापायचे कशाला? आणि मेला म्हणजे काय? माणूस चालतो, जेवतो, कारागिरांवर ओरडतो, आणि त्याच्यातलाच एक तुकडा त्याला न विचारता परस्पर मरतो, ही कुठली पद्धत?

मलाही ते पटले नाही. माझा सगळा जन्म मेलेल्या कातड्यात गेला. माझ्या दुकानात एकही कातडे सडलेले नाही. कडक झाले की कोमट पाण्यात भिजवावे, तेल पाजावे, पुन्हा लोण्यासारखे होते.

तरी तुझे मत दोन ओळींत कळव. वहिनीला यातले काही बोलू नकोस, तिला गिऱ्हाइकांच्या भानगडी आवडत नाहीत.

लोभ पाठव, उपदेश तिकडेच ठेव. टपाल हलके होईल.

तुझा
दादा


ता. ७ फेब्रुवारी
प्रयोगशाळेतून

ती. दादास,
सा. न. (उभ्यानेच. कंबरेमुळे वाकता येत नाही, वाकले असे समजून घे.)

तुझ्या गिऱ्हाइकाची हकिकत वाचली. त्याला साखरेचा आजार आहे, तो गोळ्या खणात ठेवून खणाची चावी हरवतो, सिगारेट सोडली असे बायकोला सांगून दुकानामागे जाऊन ओढतो, आणि स्वतःला दिसायला बरा समजतो. तोच ना?

आधी कामाचे. त्या अंगठ्याला पाणी लावायचे नाही, तेल लावायचे नाही. कोरडा ठेवायचा आणि उद्या उठून त्या मिशीवाल्याकडे जायचे. वाळलेला अंगठा निदान जागच्या जागी वाळतो. तो ओला झाला की जंतूंना आयते घर मिळते, आणि ते काही अंगठ्यापुरते भाडेकरू राहत नाहीत. गिऱ्हाइकाला हे मोठ्याने वाचून दाखव, त्याला कमी ऐकू येते.

आता तुझा प्रश्न. अंगातल्या पेशी रोज मरतात, आणि तुला विचारून मरत नाहीत हे खरे. पण मरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली शहाण्या कारकुनासारखी. निघायची वेळ झाली असा निरोप आला की तो आपला खण आवरतो, कागद बांधतो, स्वतःची लहान लहान गाठोडी करतो. शेजारचे ती गाठोडी गिळून टाकतात आणि कचेरी चालू राहते. तुझ्या आतड्याचे अस्तर असेच सारखे बदलते. कोणाला कळतही नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे कचेरीची रसद तोडणे. रक्त पोचले नाही की पेशीला आवराआवर करायला सवड मिळत नाही. ती फुगते, फुटते, पोटातले सगळे तिखट रसायन शेजाऱ्याच्या दारात सांडते. मग धावपळ, सूज, लाली, आरडाओरडा. तुझ्या अंगठ्याची रसद तुटली आहे. त्याने राजीनामा दिलेला नाही, त्याची उपासमार झाली आहे.

कातड्याचेही ऐक. ते तुझ्याकडे येते तेव्हा सडण्यासारखे जे होते ते खरवडून काढलेले असते आणि उरलेले धागे औषधात मुरवलेले असतात. ते कमावलेले असते. तुझा (चुकले, गिऱ्हाइकाचा) अंगठा त्या कारखान्यातून आलेला नाही.

आणि दुखत नाही याचा आनंद मानू नकोस. दुखण्याची तार अंगठ्याच्या आधीच गेली, म्हणून दुखत नाही. बुटात कधी खडा गेला असेल तर तोही त्यामुळेच कळला नसेल.

जाता जाता, मी मेलेल्या माणसांचे तुकडे फार बघत नाही. बहुतेक तुकडे चालत्या-बोलत्या माणसांचे असतात, आणि ती माणसे घरी माझ्या उत्तराची वाट बघत बसलेली असतात.

लोभ भरपूर आहे. तो फुकट जाऊ देऊ नकोस.

तुझी
काचबाई


ता. ८ फेब्रुवारी
दुकानातून

चि. काचबाईंस,
अ. उ. आ.

तुझे उत्तर अजून नाही. एकतर टपालवाला आजारी असेल नाहीतर तू कोणाच्या तरी आतड्यात गुंतली असशील. तेव्हा आम्ही आमच्या अकलेने घेतले.

रोज सकाळी कोमट पाण्यात अंगठा मुरत ठेवतो. मग जोड्यांना लावतो ते तेल चोळून जिरवतो आणि वर मऊ कातड्याची पट्टी घट्ट बांधतो. कडकपणा गेला की नाही विचार! चांगला मऊ झाला आहे, दाबला की दबतो. रंगही काळ्याचा जरा हिरवट दिसतो, म्हणजे काहीतरी हालचाल आहे. सर्जनने हे बघितले तर मिशी काढून टाकेल.

थोडा वास येतो, पण नव्या कातड्यालाही येतो.

गिऱ्हाईक खूश आहे. काल रात्री मला जरा थंडी वाजली, म्हणजे त्याला वाजली. हवा बदलते आहे.

लोभ असू दे, आणि तो वेळेवर टपालात पडू दे.

तुझा
दादा


ता. १३ फेब्रुवारी
दवाखान्यातून, खोलीबाहेरच्या बाकावर

प्रिय वन्सं,
नमस्कार.

सकाळी फोनवर मी सगळे ठीक आहे म्हणाले, कारण हे शेजारीच पलंगावर डोळे मिटून कान उघडे ठेवून पडले होते. आता खरे लिहिते. दवाखान्याची गाडी तपासणीचे डबे घेऊन तुमच्या प्रयोगशाळेत निघाली आहे, तिच्या चालकाच्या खिशात हे पत्र देते.

गिऱ्हाईक कोण ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांना वाटते मला माहीत नाही. संसारात एवढी करमणूक हवी म्हणून मी बोलले नाही, आणि आता स्वतःचाच राग येतो. वास स्वयंपाकघरापर्यंत आला तेव्हा मी पट्टी सोडली. आत जे होते त्याला अंगठा म्हणवेना. लाली पावलावर चढली होती आणि अंग भट्टीसारखे तापले होते. तुमचे पत्र त्याच दुपारी आले. त्यांनी ते वाचले, घडी घातली आणि टपालखात्याला शिव्या दिल्या.

सलाईनमधून औषधे चालू आहेत, ताप जरा उतरला आहे. सर्जनने रक्ताची नळी तपासली. घोट्यापर्यंत आणि टाचेपर्यंत रक्त बरे येते आहे, पुढे नाही. त्यांचे म्हणणे, पावलाचा पुढचा भाग बोटांच्या मुळामागून काढू, टाच वाचेल, माणूस चालेल. दोन दिवसांच्या आत झाले नाही तर गुडघ्याखालून काढावे लागेल, आणि त्यानंतरचे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितले.

तुमचे दादा सही करत नाहीत. घासाघीस चालली आहे. काल नखावर तयार होते. आज सकाळी अर्ध्या अंगठ्यावर आले. संध्याकाळी पूर्ण अंगठा देऊ म्हणतात, पण बाकीची चार बोटे निर्दोष आहेत आणि त्यांना हात लावायचा नाही. सर्जनने पायावर शाईची रेघ काढली होती, ती त्यांनी थुंकी लावून पुसली. साठीला आलेला माणूस!

तुमचे ते ऐकत नाहीत, पण तुमचे वाचतात. लिहा.

तुमची
वहिनी


ता. १४ फेब्रुवारी
सकाळ, गाडी दाराशी उभी

दादा,
नमस्कार नंतर, आशीर्वाद नंतर.

कंबर सरळ होत नाही, नाहीतर हे पत्र घेऊन मीच आले असते आणि तुझा कान धरला असता.

तुझी बोटे तुला कशी मिळाली ठाऊक आहे? आईच्या पोटात तुझे पाऊल आधी वल्ह्यासारखे सपाट होते. मग बोटांच्या मधल्या पेशींना निरोप गेला, आणि त्या मुकाट्याने आवरून निघून गेल्या. त्या गेल्या म्हणून पाच बोटे सुटी झाली. नाहीतर तू आज बदकांचे जोडे शिवत असतास. तेव्हा अंगातले काही गेले म्हणजे आपला अपमान झाला, हे डोक्यातून काढ. जाण्यावरच तू उभा आहेस.

पण आता जे चालले आहे ते मुकाट्याने जाणे नाही. ओली सड आहे ती. जे मेले आहे ते उरलेल्याला घेऊन मरायला निघाले आहे. चार निर्दोष बोटांची बाजू तू घेतो आहेस, पण त्यांची रसदही त्याच नळीवर होती. ती निर्दोष आहेत, जिवंत नाहीत.

सर्जन चांगला भाग का कापतो, हा तुझा राग मला इथपर्यंत ऐकू येतो. कुजलेल्या कडेला तू कधी टाका घातला आहेस? गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी तू रापी चांगल्या कातड्यात नेतोस आणि तिथून कापतोस, कारण आरीने पाडलेले भोक तिथेच टिकते. त्याचेही तेच आहे. त्याचा टाका रक्त असेल तिथेच धरतो, बाकी ठिकाणी उसवतो.

वहिनींना बाहेर बोलावून काय सांगितले ते तू विचारले नाहीस. विचारू नकोस. मला भीती वाटते आहे, दादा. हे फोनवर सांगता येत नाही, कारण तू मधेच काहीतरी बोलून हसवतोस.

सही कर. मग हवे तेवढे हसव.

तुझी
काचबाई


ता. १४ फेब्रुवारी
पलंगावरून, दुपारी

चि. काचबाईंस,
अ. उ. आ., आज जरा जास्तच.

पत्र वाचले. बदकांचे जोडे शिवायला मला आवडले असते, पण त्यांच्या माप देण्याच्या सवयी वाईट.

तुझे वाचून झाल्यावर त्या मिशीवाल्याला बोलावले. तो घाबरत आला, पुन्हा घासाघीस होणार म्हणून. मी पाय पुढे केला आणि हाताच्या अंगठ्याने माझेच पाऊल दाबत गेलो, बोटांपासून मागे. दाबले, सोडले. पुढे रंग परत येईना. थोडे मागे गेलो, तरी येईना. आणखी मागे, पावलाच्या उंचवट्याशी, दाबून पांढरे झाले आणि सोडल्यावर गुलाबी परत आले. कातडे निवडायला बसतो तसा बसलो होतो, फक्त जनावर ओळखीचे होते. त्याची शाई मागून घेतली आणि तिथे रेघ ओढली. तुझ्या वहिनीने वाकून बघितले आणि सांगितले की काल मी थुंकी लावून पुसलेली रेघ नेमकी इथेच होती.

तेव्हा पोरगा हुशार आहे. मिशीही बरी दिसते.

सही केली. उद्या सकाळी नेणार. मला भीती वाटत नाही असे लिहिणार होतो, पण तू भिंग लावून वाचशील, म्हणून लिहीत नाही.

लोभ असावा. उद्या दुपारपर्यंत जरा जास्त असावा.

तुझा
दादा


ता. २० फेब्रुवारी
प्रयोगशाळेतून

ती. दादास,
सा. न. (आज वाकता आले.)

ताप गेल्याचे आणि परिचारिकेच्या चपलांना तू नावे ठेवल्याचे वहिनींनी कळवले. म्हणजे शुद्धीवर आहेस.

गाडीतून एक डबा आला. तो कोणाचा, हे मला वरचे नाव वाचण्याआधीच कळले. घरच्या माणसाचा तुकडा आपण तपासायचा नसतो, म्हणून आमच्या थोरल्या डॉक्टरीणबाईंनी तो तपासला आणि सही केली. मग त्यांनी काचपट्ट्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि त्या चहाला गेल्या. त्यांना चहा आवडत नाही.

पहिल्या काचेवर अंगठा होता. तिथे नुसत्या भिंती. पेशींच्या आतले केंद्रक विरघळून गेलेले, घरे उभी आणि आत कोणी नाही. तुझ्या तेलाचे थेंबही दिसले असे मी म्हणणार नाही, पण शोधले मात्र. पुढच्या काचांवर गर्दी, मारामारी, जंतू आणि त्यांच्या मागे धावणारे शिपाई.

शेवटची काच कडेची होती, तू रेघ ओढलीस तिथली. ती भिंगाखाली सरकवायला मला वेळ लागला. मग बघितले. प्रत्येक पेशीत केंद्रक जागेवर, गोल, गडद. बारीक रक्तवाहिन्या उघड्या, आणि त्यांच्यात तांबड्या पेशी एकामागे एक, रांग न मोडता.

आजवर तुला इतक्या जवळून बघितले नव्हते, दादा. कडेला तू जिवंत आहेस.

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा मी भिंगाची काच पुसत होते. ती ओली झाली होती, पण आतून नाही, माझ्या बाजूने.

लोभ मोजून पाठवत नाही.

तुझी
काचबाई