घरघंटीचा इसार

१२ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी शोभाने मोबाइल माझ्या चष्म्यापुढे धरला. घरघंटी. अठराशे रुपये! बडनेऱ्याच्या दुकानात हीच अठरा हजारांना, मागच्या आठवड्यातच हात लावून आलो. "बाबा, खरं असंन का?" म्हटले, "इचारू नको, दाब." तिने दाबले. पैसे माल आल्यावर. बीपीची गोळी घेतली तरी छाती धडधडतेच. बोंडअळीने शोभाच्या सासरचा, भातकुलीचा कापूस खाल्ला, जावई पुण्याला वॉचमन, पोरगी माझ्याकडे. घंटी आली की घरबसल्या चार घरचे दळण. कुणापुढे हात नको.

१३, मंगळवार
पलंग सरकवून कोपरा मोकळा केला. दोनदा मापला. प्लग जवळच आहे. शोभाने खडूने पाटी लिहिली, "इथे दळण दळून मिळेल." अक्षर छान. दाराला लावलीसुद्धा!
पण मनात किडा. इसार दिलेला नाही. चाळीस वर्षे अकोला-पातूरच्या बैलबाजारात दलाली केली, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवले. पण इसाराचे पैसे हातात पडल्याशिवाय कोणी बैलाचे दावे सोडत नसे. इथे ना बोट ना इसार. उद्या कंपनीवाले पलटले तर?

१४, बुधवार
कुरिअरच्या ऑफिसात गेलो. तिथले वानखडे, पन्नाशीचा भला माणूस. "काका, पार्सलच आलं नाही, पैसे कायचे घेऊ?"
"पैसे नाही, इसार हाय. अकरा रुपये."
हसले. मी हललो नाही. मागे रांग खोळंबली. शेवटी घेतले, चिठ्ठीवर सहीही दिली. सौदा पक्का! येताना जिलेबी आणली.

१६, शुक्रवार
मेसेज आला. ऑर्डर रद्द. किमतीत चूक झाली म्हणे. शोभा ओले फडके घेऊन पाटीकडे निघाली. ओरडलो, "पुसू नको! इसार देला हाय!"
लिहिला त्या भावाने माल द्यावा. चूक कोणाची? आमची? अमरावतीला ग्राहक मंचात जाणार. चिठ्ठी पोथीत ठेवली. तीनदा काढून पाहिली. अंग तापल्यासारखे वाटते, पण ताप नाही. किती वर्षांनी भांडायला काही मिळाले!

१८, रविवार
पॅसेंजरने अकोला. इस्माईलभाईकडे. बैलांचा जुना व्यापारी, त्याच्यासारखा साक्षीदार नाही. एकदा पातूरला त्याने रुमालाखाली पाचाऐवजी चारच बोटे दाबली. जोडी कमी भावात गेली. दलाल मी. मीच म्हणालो होतो, "बोट धरलं म्हनजे धरलं." त्याने मुकाट्याने जोडी दिली. म्हटले, हेच मंचात येऊन सांग.
भाई पान लावत होता. "सांगतो ना, दादाराव. पन साहेब इचारंन, दलालाले चूक समजली होती का? मंग काय सांगू? बोल."
माझा चहा निवला.
"मी बैल देले, कावून की माहा हात तुह्या हातात होता. तुह्या कंपनीचा हात कुठी हाय?" मग एकदम हसला, पाठीवर थाप. "पन लढ बे! घंटी आली तं पयलं दळण माहं!"

१९, सोमवार
काल गाडीत तेच डोक्यात. भाईची करंगळी घामाने निसटली होती. त्याने पुन्हा दाबायला हात हलवला, तेवढ्यात मी रुमाल ओढला.
कळले होते मला.

२१, बुधवार
अमरावती. मंचाबाहेरच्या टायपिस्टने अर्ज करून दिला. फर्मास! माझे नाव, समोर कंपनीचे. शेवटची ओळ त्याने वाचून दाखवली, "सदर किंमत चुकीची असल्याचे अर्जदारास माहीत नव्हते." खाली सही.
शोभा म्हणाली, "करा ना, बाबा."
पेन चालत नाही म्हटले. टायपिस्टने स्वतःचे पुढे केले. उद्या येतो म्हणून उठलो.
त्या दिवशी "इचारू नको" असे का म्हणालो मी?

२२, गुरुवार
वानखडे घरी आले. अकरा रुपये परत द्यायला. "काका, ऑर्डरच राह्यली नाही."
म्हटले, सौदा मोडणाऱ्याने इसार दुप्पट परत करायचा असतो.
"म्या कुठी मोडला?"
"मंग कोनं मोडला?"
दोघेही हसलो. मी हात पुढे केला नाही. इसार उचलला की सौदा संपला. शेवटी नोट आणि वरचा रुपया दाराजवळच्या फळीवर ठेवून गेले. शोभा फळी पुसताना तेवढी जागा सोडते. पाटी दारावर आहे. सकाळी दोघी दळणाचे विचारून गेल्या, "कवा चालू होते?" शोभा माझ्याकडे बघत राहिली.
अर्ज उशाखाली, सहीची जागा कोरीच. पेन चालते. आत्ताच पाहिले.