प्रकट मुलाखत

नेरूळ, रविवार

प्रिय मंदाताई,

तुझं पत्र कधीचं येऊन पडलंय आणि मी उत्तर देत नाही, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलं असशीलच. श्रुतीला या शाळेत घातलं तेव्हा किती चिडवलं होतं मी तुला! तू कऱ्हाडला वर्गाकडून पाढे घोकून घेतेस, आणि आमच्या शाळेत पाढे नाहीत, नंबर नाहीत, छडी तर नाहीच. मुलांनी फक्त प्रश्न विचारायचे. तू एवढंच म्हणालीस, की विचारू देत, पण उत्तर कोण देणार ते बघून ठेव. मला रागच आला होता.

आता ऐक. शाळेचे संस्थापक, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, महापालिकेच्या पहिल्याच निवडणुकीला उभे राहिले. त्याच सुमारास चौथीला प्रकल्प आला, 'आपल्या भागातील कर्तबगार व्यक्ती'. व्यक्ती अर्थात ठरलेलीच. पालकांसमोर मुलांनी त्यांची प्रकट मुलाखत घ्यायची, आणि आधी स्वागतगीत. गाण्यात पुढे असायची श्रुतीची मैत्रीण अमिता. जवळच्या दिवाळे गावातली मुलगी, आई कमळी बेलापूरच्या बाजारात मासे विकते. अमिताचा काका भाऊसाहेबांच्या विरुद्ध उभा राहिला आणि लगेच तिला गाण्यातून काढलं. घसा बसलाय म्हणे. पोरगी वर्गात खणखणीत बोलत होती.

मुलाखतीत कुणी आवडती भाजी विचारली, कुणी लहानपणच्या खोड्या. मग आमचं कन्यारत्न उठलं. म्हणाली, "अमिताचे काका तुमच्या विरुद्ध आहेत म्हणून तिला गाण्यातून काढलं का?" भाऊसाहेब हसले, म्हणाले, हुशार आहे मुलगी. बाईंनी पुढच्या मुलाला उभं केलं.

दुसऱ्या दिवशी आम्हा नवरा-बायकोला बोलावणं. आरडाओरडा नाही, उलट चहा दिला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आमच्याकडे शिक्षा नसतेच, फक्त तुमच्या मुलीला इथलं वातावरण मानवत नाही असं वाटतं, विचार करा. सुभाष नुसता मान डोलावत राहिला. अर्ध्या वर्षात दुसऱ्या शाळेत कोण घेणार, ताई? मीच श्रुतीचा दंड धरून तिला भाऊसाहेबांपुढे नेलं आणि सॉरी म्हणायला लावलं. त्यांनी तिला चॉकलेट दिलं.

अमिताला कमळीने गावातल्या शाळेत घातलं. बाजारात समोर आली तेव्हा तिला तोंड कसं दाखवू कळेना. तीच म्हणाली, "माज्या पोरीसाठी तुजी कशाला बोलली गो? आता तिला पन तरास हाय." वर दोन बोंबील जास्त घातले. मी घेतले. भाऊसाहेब निवडूनही आले.

श्रुती अजून तिथेच आहे. बाई खूश आहेत, शांत झाली म्हणतात. खरं सांगू? हल्ली काही विचारायचं झालं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते. माझी मान आपोआप 'नको' म्हणून हलते आणि ती गप्प बसते. मला ते थांबवता येत नाही गं. फार रडू येतं. म्हणून आज लिहायला बसले. जूनपासून तिला तुझ्याकडे ठेवून घेशील का? सुभाषला अजून बोलले नाहीये. पाढे घोकून घे, बाकावर उभी कर, वेळ पडली तर छडीही मार. तिथे तिने विचारायच्या आधी मान वर केली तर समोर मी नसेन, एवढंच मला हवंय.

तुझीच हतबल
अरुणा