बारा नंबरची चूक

सोमवार, ९ फेब्रुवारी १९८७

काशीरामला आज मॅनेजर साहेबांनी स्टोअरमध्ये पाठवलं! आठ वर्षं मशिनरूम सांभाळणारा ऑपरेटर, आता कागदाचे गठ्ठे रचणार. कारण काय, तर शुक्रवारी मशीन बंद पडलं तेव्हा प्रिंटरवर उमटलं — ‘चूक १२’. बारा म्हणजे ऑपरेटरची चूक. काशीराम मशिनरूमची किल्ली ठेवून निघून गेला.

मला पटत नाही. आमचा प्रोग्रॅम एकाच कॉम्प्युटरचे चार भासवतो — चार गिऱ्हाइकं, प्रत्येकाला वाटतं मशीन आपलंच. एकाचं बिघडलं तरी बाकी तिघांचं चालायला हवं. पण कुठलं काय, चारही आडवे!

मंगळवार, १०

दिवसभर लिस्टिंग, म्हणजे छापलेला अख्खा प्रोग्रॅम, वाचलं. डोळ्यांची वाट लागली. प्रोग्रॅमचे छोटे छोटे तुकडे, म्हणजे रुटीन्स. प्रत्येक रुटीन चूक पकडतं, आपल्या परीनं सावरतं, आणि वरच्याला कळवताना नंबर बदलतं. शेवटी सगळ्यांचे बारा!

विद्याधर सरांना म्हटलं, “सावरायचं काम एकाच जागी ठेवू. खालच्यांनी फक्त खरं काय ते वर सांगायचं.” हा मूळ कोड त्यांनी लिहिलेला. मी जीव मुठीत धरून उभी. ते चष्मा पुसत म्हणाले, “कर. सहाशे ओळी कमी झाल्या तर मलाच बरं.”

गुरुवार, १२

सहाशे नाही, आठशे उडाल्या. झकास! मुद्दाम चारांतला एक पाडला — तेवढाच पडला. बाकीचे तीन चालू. शेजारच्या टेबलावरची नलिनी ओरडलीच, “मालन, अगं चालतंय!”

शुक्रवार, १३

गेल्या शुक्रवारी जे जे प्रोग्रॅम चालू होते, त्या सगळ्यांचे टेप पुन्हा चढवले. या वेळी बारा नाही. रुटीनचं नाव उमटलं.

माझं रुटीन. गेल्याच महिन्यात लिहिलेलं. मेमरी मागून घेतं, परत द्यायला विसरतं; मेमरी संपली की मशीन बंद.

कॅन्टीनमध्ये बसून राहिले. चहा गार झाला. मग उठले आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये. “चूक माझी आहे सर, काशीरामची नाही.” त्यांनी कागद दोनदा वाचला. “दुरुस्त करा. त्याला सोमवारी परत बोलावतो.” बस्, एवढंच! वाकोल्यापर्यंत चालत घरी आले. किती दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवार, १६

काशीराम मशिनरूममध्ये परत! मी माफी मागितली. तो हसला. “माका ठावक होता, मॅडम. तुमचो टेप चढवल्यार मशीन पडला. पण मी परमनंट, तुमी अजून प्रोबेशनवर.”