घराआधीचं लॉक

प्रिय कीथ,

काल फोनवर तुला सांगितलं ते अर्धंच होतं. फोनवर तू मधेच बोलतोस नि माझा धीर सुटतो, म्हणून लिहितेय.

आपलं तिघांचं ठरलं होतं. बाबांनी आपली 'हेझेल' नाव कालव्यातून स्वतः चालवत घरच्या धक्क्याला सुखरूप आणली, तर ते नावेवरच राहतील. एक जरी चूक झाली, तर नाव विकायची आणि त्यांनी तुझ्याकडे मागच्या खोलीत राहायचं. एकोणऐंशीव्या वर्षी त्यांनी ही पैज हसत घेतली. अकरा दिवस नावेला साधा ओरखडाही येऊ दिला नाही. शेजाऱ्यांची नावं विसरतात, पण कालव्याचं एक वळण विसरत नाहीत. दमले होते ती मी. नाव खालच्या पाण्यात उतरवायला प्रत्येक लॉकच्या हौदाची जड दारं ढकलायची, पाणी सोडायच्या झडपा फिरवायच्या, आणि वर सुकाणूपाशी उभ्या बाबांची शेरेबाजी ऐकायची, "राणीसाहेब, झोप झाली असेल तर दार लोटा!"

काल शेवटचा दिवस. सकाळपासून बारीक पाऊस, त्यात तुझा फोन, "काही गडबड नाही ना केली अजून?" खरं सांगू, त्या 'अजून'चा मला राग आला नाही. मीही वाटच बघत होते.

दुपारी शेवटच्या लॉकमध्ये शिरलो. इथून खाली उतरलं की घर. तुला आठवत असेल, पाणी उतरायला लागलं की मागच्या दाराखालचा दगडी उंबरठा उघडा पडतो. म्हणून बाबा आधी नाव पुढे घेतात, हात वर करतात, मगच मी झडपा उघडते. काल झडपा उघडल्या, पाणी भराभर उतरलं आणि नावेची मागची बाजू त्या उंबरठ्यावर अडकली. पुढचं टोक खाली जायला लागलं. आत कपबशा फुटल्या. बाबा सुकाणूला लटकून ओरडत होते, "डोरिन, बंद कर! झडपा बंद कर आधी!" ओल्या हातांतून लोखंडी हँडल दोनदा निसटलं. कशाबशा झडपा बंद करून मी मागच्या दाराकडे धावले, तिथून थोडं थोडं पाणी आत सोडलं. नाव सरळ व्हायला पाच मिनिटं लागली असतील. बाबा आता जातात, असंच मला वाटत होतं.

आम्ही काठावर येऊन बसलो. मग बाबा म्हणाले, "मी हात वर केला होता का गं?"

"हो, केला होतात," मी म्हणाले.

"मला काहीच आठवत नाही. कीथचं बरोबर आहे. विकून टाका."

संध्याकाळी मी तुला कळवलं आणि तू शनिवारचं गिऱ्हाईकही ठरवलंस.

कीथ, बाबांनी हात वर केलाच नव्हता. ते खाली वाकून टोपी पिळत होते. मी बघितलं, आणि थांबले नाही. नाव बुडावी असं मनात नव्हतं एवढं शपथेवर सांगते. त्यापुढचं नाही सांगता येत. गिऱ्हाईकाला नको म्हणून कळव. बाबांना अजून माहीत नाही. ते बाहेर नावेचं पितळ घासत बसलेत, विकताना चांगली दिसावी म्हणून. हे पाकीट टाकून येते आणि त्यांना सांगते. आधी तुला लिहिलं, कारण एकदा हे पेटीत पडलं की मला माघार घेता येणार नाही.

तुझी बहीण,
डोरिन